अर्धं म्हटलेलं लग्न

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. तलासरी तालुक्यात आमच्या पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात मांडव घालून झालं. हार, जेवण, फोटो सगळं यथासांग पार पडलं. फक्त माझ्या आईचं गाणं मध्येच तुटलं आणि ते तुटण्यात माझा हात होता. आम्हा वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी. ती गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. गाणं पुरं झालं नाही तर जुन्या माणसांच्या लेखी लग्नही पुरं झालेलं नसतं. माझी आई धवलेरी आहे. आमच्या आणि आसपासच्या पाड्यांवरची किती लग्नं तिनं गाऊन लावली ते तिलाही सांगता येणार नाही. नातीचं लग्न तिला लावायचं होतं आणि मी ते तिला धड लावू दिलं नाही.

लाज वाटते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझी अडचण अशी की ती एकाच गोष्टीची वाटत नाही. मी संगीतातला जाणकार म्हणून मिरवत आलो आहे. तारापूरकडच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे, डहाणूला फ्लॅटमध्ये राहतो आणि कारखान्यात मला ‘रसिक’ म्हणतात. थोडं चेष्टेनं म्हणतात, पण म्हणतात. माझ्या मोबाइलमध्ये शहनाई आहे, गझला आहेत, आफ्रिकेतले ढोल आहेत, कुठल्या कुठल्या देशांतले बँड आहेत. वय वाढलं तसा आपला कान मोठा होत गेला, असं मी चारचौघांत सांगत असे. तो कसा कसा मोठा झाला ते सांगतो, म्हणजे कुठे तोकडा राहिला तेही कळेल.

पहिला बँड मी तलासरीच्या बाजारात ऐकला. आठ-नऊ वर्षांचा असेन. आई पालेभाजीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि मी तिच्या मागे कंटाळून खडे उडवत होतो. तेवढ्यात कुणा व्यापाऱ्याच्या मुलाची वरात आली. बँड गुजरातेतून आणलेला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्याला तुरेवाल्या टोप्या आणि पायांत झिजलेल्या स्लिपरा. एका जाड्या माणसाच्या अंगाभोवती एवढा मोठा भोंगा गुंडाळलेला, की माणूस भोंगा वाजवतोय की भोंगा माणसाला, ते कळेना. मोठ्या ढोलाचा ठोका थेट माझ्या पोटात बसला. मी वरातीमागे जो निघालो तो हायवेपर्यंत गेलो. आईनं भाजी तशीच टाकून मला शोधलं आणि कानाला धरून परत आणलं.

‘‘आये, कसला भारी बँड!’’ मी वाटेत म्हटलं.

‘‘लय आवाज करतात,’’ ती म्हणाली. ‘‘पन म्हनतात काय?’’

तिला तेवढंच कळत नव्हतं. एवढी माणसं, एवढी वाजंत्री आणि शब्द कुठेच नाहीत, तर मग या लग्नात देवाला बोलावलं कुणी? मला तिचा भयंकर राग आला. मुळात मी तिरसट, तेव्हापासूनच.

राग येण्याचं कारण तिचं स्वतःचं गाणं. पाड्यात कुठेही लग्न असलं की आई आणि तिची जोडीदारीण, पलीकडच्या घरातली एक मावशी, चौकासमोर बसायच्या. चौक म्हणजे भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेलं देवीचं चित्र. आई ओळ उचलायची, मावशी ती झेलायची. ढोल नाही, पेटी नाही. दोन बारीक आवाज, त्याच तीन-चार सुरांत, सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत. देवांना नाव घेऊन बोलवायचं, धान्याला बोलवायचं, झाडांना बोलवायचं, कुणी मागे राहायला नको. मला ते गाणं वाटतच नसे. तांदूळ निवडण्यासारखं ते एक घरातलं काम, बायका करतात, आपण खेळायला जायचं. मी जेवणाच्या वेळेला उगवायचो.

दहावीनंतर आयटीआयसाठी डहाणूला आलो आणि तिथं मला शिंगं फुटली. एका बँजो पार्टीत मी साइड ड्रम वाजवायला लागलो. अशा पार्ट्या आता कमी झाल्या, म्हणून सांगतो. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याला करंट जोडला की कानात दाभण घातल्यासारखा आवाज. बरोबर कीबोर्ड, ताशा, ढोल आणि माझा ड्रम. टेम्पोवर भोंगे आणि मागे जनरेटर. आमचा बँजोवाला डहाणूजवळच्या आगर गावचा मच्छीमार होता. त्याची बोटं जाळ्याच्या दोरीनं जागोजागी कापलेली असायची, तरी बटणांवरून पळायची. आम्ही चिंचणीला मच्छीमारांच्या हळदीत वाजवायला जायचो. तिथल्या बायका दमायच्या नाहीत. आम्ही जरा संथ गाणं धरलं की एखादी मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभी.

‘‘काय रे, जेवला नाय काय? वाजव की जोरात!’’

मग आम्ही जोरात वाजवायचो. जोरात आणि जलद, एवढंच तेव्हा माझं संगीत. माझ्या काठ्यांवर माणसं उठतात हे कळल्यावर तर माझे पाय जमिनीला लागेनात. आईला मी कधी ऐकायला बोलावलं नाही. ती आली असती, आनंदानं आली असती. पण मग गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली ती बाई माझी आई आहे, हे पार्टीतल्या सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, ड्रम सुटला. नवरात्रात डहाणूत गरब्याला ऑर्केस्ट्रा यायचा. बायकोला गरबा फार आवडायचा आणि मला त्या गुजराती हेलाचं हसू यायचं. मी मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात उभा राहायचो आणि मनातल्या मनात ड्रमवाल्याच्या चुका काढायचो. एका वर्षी एक गायिका आली, आवाज सर्दी झाल्यासारखा बसका. तिनं एक संथ गरबा धरला आणि अख्खं मैदान तिच्या आवाजाबरोबर सावकाश फिरायला लागलं. संथ गाण्यालाही जोर असतो, हे मला तिशीत कळलं. परत येताना मी बायकोला म्हटलं, ‘‘बरी गायली.’’

‘‘बरी?’’ ती म्हणाली. ‘‘तोंड उघडं पडलं होतं तुमचं.’’

शास्त्रीय गाण्याची गोष्ट याहून लाजिरवाणी. डहाणूतल्या एका हॉलमध्ये मोठ्या बाई गायला आल्या होत्या आणि एक मित्र मला ओढून घेऊन गेला होता. बाईंनी ‘आ’ लावला. मला वाटलं माइक तपासतायत. पाच-दहा मिनिटं झाली तरी तेच. मी मित्राच्या कानात म्हटलं, ‘‘माइक चांगला आहे म्हणावं, आता गा.’’ मित्र फसकन हसला, पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं आणि आम्ही बाहेर येऊन वडापाव खाल्ला. बऱ्याच वर्षांनी कारखान्यातल्या मोठ्या साहेबांनी मला अशाच एका गाण्याचा पास दिला. त्या वेळी मी निव्वळ साहेबांच्या धाकानं शेवटपर्यंत बसलो. साहेब डोळे मिटून बसले होते म्हणून मीही मिटले. मिटल्यावर कधी तरी त्या ‘आ’मध्ये मला रस्ता दिसायला लागला. गाणारा कुठून निघाला, कुठे वळला, परत कसा आला, ते कळायला लागलं. डोळे ओले झाले. ते खरे ओले झाले होते, एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो.

त्यानंतर मी सुटलोच. कंपनीनं डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पार्टी दिली, तिथं गिटार घेतलेली चार पोरं इंग्रजी गाणी म्हणत होती. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. पण त्या जाड तारांच्या गिटारचा खालचा सूर वाळूतून तळपायांना लागत होता आणि मी तासभर उठलो नाही. पूर्वी ज्याला मी आरडाओरडा म्हणायचो ते सगळं हळूहळू घरात आलं. कव्वाली आली, दक्षिणेकडचा नादस्वर आला. माणसाचा कान वयाबरोबर पिकतो, असं काहीबाही मी जेवणाच्या सुट्टीत बोलायचो आणि नवीन लागलेले इंजिनीअर माना डोलवायचे.

आता तारपा. हे सांगायला जड जातं. तारपा आमचाच. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. शेतातलं पीक निघालं की पाड्यावर तो वाजायचा आणि त्याच्याभोवती माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरायची. लहानपणी मीही फिरलोय. डहाणूला आल्यावर मात्र मी त्याचं नाव काढलं नाही. बँजो पार्टीत कुणी मला ‘ए तारपा’ अशी हाक मारली की मी सगळ्यांच्या आधी हसायचो. पुढे एकदा कारखान्याच्या वार्षिक समारंभासाठी साहेब म्हणाले, इथलं काही तरी आणा. मी पाड्यावरची माणसं आणि तारपा घेऊन गेलो. स्टेज, माइक, रंगीत लाइट. मुंबईहून आलेले पाहुणे उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. मी माइक घेतला आणि हे आमचं संगीत, ही आमची संस्कृती, असं बोललो. खाली उतरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. तारपा मला त्या दिवसापासून आवडायला लागला, कारण तो साहेबांना आवडला. हेच साहेब जांभई देते तर मी त्या माणसांना मागच्या दारानं टेम्पोत बसवून पाठवलं असतं.

आईच्या गाण्याला टाळ्या नसतात, म्हणून ते तोवर माझ्या कानात शिरलं नव्हतं. पण तारप्यानंतर साहेबांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे अजून काय काय आहे असं?’’ तेव्हा मला ते आठवलं. सुट्टीच्या दिवशी पाड्यावर गेलो. आई दारात बसून नाचणी पाखडत होती. मी तिच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, ‘‘आये, तुझं लग्नाचं गाणं म्हण. पहिल्यापासून सगळं म्हण.’’

‘‘लगीन कुनाचं हाय?’’ तिनं विचारलं.

‘‘कुणाचं नाही. मला पाहिजे.’’

‘‘मांडव नाय, नवरी नाय. देवाला बोलवून बसवू कुठं?’’

मला तो निव्वळ अडाणीपणा वाटला. मी जरा आग्रह केला, मग चिडलो, मग चहासुद्धा न घेता निघून आलो. साहेबांना सांगितलं की आणखी तसं विशेष काही नाही. हे शब्द माझ्या तोंडून गेले आहेत.

माझी मुलगी नर्स आहे, वापीला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं त्याच दिवशी तिनं बजावलं, ‘‘लग्न आजीच लावणार.’’ मी कुठे नाही म्हणत होतो? मी फक्त डीजेसुद्धा ठरवला. कारखान्यातली माणसं येणार, साहेब येणार, त्यांना नुसतं म्हातारीच्या गाण्यावर किती वेळ बसवायचं? आधी आईचं होऊ दे, मग डीजे लावू, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि माझं मलाच ते फार समंजस वाटलं.

आई धास्तावली होती. तिची जोडीदारीण मावशी आदल्या पावसाळ्यात वारली. गाणं त्या दोघींचं मिळून होतं. एक अडखळली की दुसरी पुढचा शब्द द्यायची आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. मावशी गेल्यापासून आईनं एकही लग्न लावलं नव्हतं. आता झेलायला माझी बायको बसणार होती. आईनं म्हटलेली ओळ ती परत म्हणू शकते, पुढची ओळ तिला येत नाही. हे लग्न लावायचं आणि मग गाणं ठेवून द्यायचं, असं आईनं पाड्यात सांगून टाकलं होतं. म्हणून ते पुरं व्हायला तिला हवं होतं. मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली.

‘‘म्हनंन ना रं मी पुरं?’’

‘‘म्हणशील गं,’’ मी म्हटलं. डोळे बांबूंवर होते.

लग्नाच्या दिवशी पाड्यातली म्हातारी माणसं सकाळीच येऊन बसली. ती आईला ऐकायला आली होती. चौकासमोर आई, तिच्या शेजारी माझी बायको, पलीकडे नवरा-नवरी. आईनं सुरुवात केली आणि तिचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा भक्कम लागला. देव येऊन बसले, धान्यं आली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच खाली बसून ऐकत होतो, तेही अर्ध्या कानानं, कारण दुसरा कान गाड्यांकडे होता. दुपारी कारखान्यातली मंडळी आली. मी त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. साहेबांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं आणि मी त्यांच्या कानाशी लागून माहिती देऊ लागलो.

झाडांची नावं चालली होती. आंबा आला, उंबर आला, मोह आला. आणि पुढे काही आलं नाही.

बायकोनं मोहाची ओळ झेलली. आई गप्प. बायकोनं तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं. मांडवात नुसता पंख्यांचा आवाज उरला. आईनं मान वळवली. मावशी बसायची त्या बाजूला आधी बघितलं, मग माणसांमधून शोधत माझ्याकडे बघितलं. मी काय देणार होतो? ज्या घरात ते गाणं जन्मभर म्हटलं गेलं त्या घरातला मी एकुलता एक मुलगा, आणि मोहानंतर कुठलं झाड येतं ते मला ठाऊक नव्हतं. जगातल्या कुठल्या कुठल्या बँडांची नावं मी घडाघडा सांगितली असती. मी तोंड फिरवलं तर समोर साहेबांचा मोबाइल, अजून तसाच वर धरलेला.

‘‘झालं का?’’ साहेबांनी हळूच विचारलं.

‘‘झालं,’’ मी म्हणालो आणि डीजेवाल्याला हात वर केला.

त्या आवाजानं मांडवाच्या डहाळ्या हलल्या. पोरंसोरं उठली, खुर्च्या बाजूला सरकल्या, कारखान्यातली मंडळी शर्टाच्या बाह्या दुमडत पुढे आली. पाड्यातले म्हातारे एकमेकांकडे बघत बसून राहिले. मला वाटलं, सुटलो. आईची फजिती कुणाच्या ध्यानात यायच्या आत मी झाकून टाकली, असंच मला वाटलं. मला ओढून मध्ये नेलं आणि मी नाचलो. नाइलाजानं दोन पावलं टाकली असती तर गोष्ट वेगळी होती. मी चांगला नाचलो. अंगात ताल आहे आणि तो दाखवायची जुनी हौस आहे. माझ्याभोवती गोल झाला, शिट्ट्या वाजल्या, साहेबसुद्धा टाळ्या देऊ लागले. फिरता फिरता एकदा चौकाकडे नजर गेली. आईचे ओठ हलत होते. म्हातारी माणसं पुटपुटतात, तशी पुटपुटत असेल म्हणून मी पुढची गिरकी घेतली.

बायको गर्दीतून आत शिरली आणि तिनं माझा दंड धरला. कानाशी येऊन ओरडली, ‘‘बंद करा ते! त्यांना आठवलं होतं. तुम्ही हात वर केलात तेव्हा तोंड उघडलं होतं त्यांनी. त्या म्हणतायत अजून!’’

खरं ते सांगतो, मी लगेच गेलो नाही. गोलात साहेब होते.

‘‘एवढं गाणं संपू दे,’’ मी म्हटलं.

‘‘कुठलं?’’ तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत लोकांनी मला पुन्हा ओढलं आणि मी पुन्हा नाचायला लागलो. शेवटी आवाज बंद केला तो नवरीनं. मुंडावळ्या बांधलेली, हळदीच्या साडीतली माझी मुलगी नाचणाऱ्यांमधून सरळ चालत गेली आणि डीजेवाल्याला काही तरी म्हणाली. एकदम सगळं थांबलं. तेव्हा माझे दोन्ही हात वर होते.

त्या शांततेत आईचा आवाज ऐकू आला. बारीक, खरखरीत, पण चालू. झाडं केव्हाच संपली होती. आलेल्या देवांना ती परत वाटेला लावत होती. एवढा वेळ, त्या आवाजाखाली, एकटीच म्हणत होती. बायको पळत जाऊन शेजारी बसली आणि उरलेल्या ओळी झेलू लागली. मी हात खाली घेतले. कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून खिशात घातले. आईनं शेवटपर्यंत म्हटलं आणि चौकाला हात जोडले.

म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, ‘‘मधलं समदं म्हटलंस का?’’

‘‘म्हटलं,’’ आई म्हणाली. ‘‘पन झेललं कोनी नाय.’’

म्हातारा मान हलवून उठला. पूर्ण की अपूर्ण, याचा निवाडा कुणी केला नाही. नवऱ्याकडची माणसं घाई करत होती, जेवणं आटपली, फोटो झाले. साहेब जाताना म्हणाले, फार छान झालं लग्न, तुमच्या आईंचं शूटिंग मस्त आलंय. मुलगी निघताना आजीच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली, पण वर बघितलं नाही.

ऊन कलल्यावर मी ताट वाढून आईकडे गेलो. ती अजून चौकासमोरच भिंतीला टेकून बसली होती. लग्न लागेपर्यंत ती काही खात नाही, म्हणून सकाळपासून उपाशी होती. मोहानंतर कुठलं झाड येतं, ते तेव्हा तिला विचारावं असं मनात आलं. धीर झाला नाही. अजूनही विचारलेलं नाही.

ताट ठेवून मी तिच्याजवळ बसलो आणि तिची समजूत घालायला लागलो. म्हटलं, ‘‘आये, विसरलीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की होतं असं. कुणाला कळलंसुद्धा नाही. त्यात लाज कसली?’’

तिनं भात कालवला. एक घास खाल्ला, सावकाश चावला.

‘‘इसरल्याची लाज नाय,’’ ती म्हणाली. ‘‘मावशी असती तर मावशीबी इसरली असती कवा. मानूस इसरतंय.’’

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तू नाचलास तवा वाटली. समदा पाडा बसला व्हता रं. ह्यो कुनाचा पोरगा, ते सगळ्यांना ठावं. मला मान वर करता येईना.’’